हिरव्या रंगाखालची जीप

स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला संरक्षण खरेदी घोटाळा कशाचा होता? तोफांचा नाही, विमानांचा नाही, पाणबुड्यांचा तर नाहीच नाही. तो होता जुन्या, दुरुस्त करून विकलेल्या जीपांचा.

हे आज लिहायचं कारण आमच्या वणीतच आहे. द्राक्षाचा हंगाम चांगला गेला की दिंडोरी, वणी, पिंपळगाव या पट्ट्यात आता एक नवी खरेदी होते, 'मिलिटरीची जुनी जीप'. उघडी, हिरवी, बोनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन. किंमत काही लाखांत. मला या गाड्यांचा नाद आहे हे लोकांना माहीत असल्यामुळे गाडी बघायला कुणी ना कुणी सोबत नेतं. आणि जवळजवळ दर वेळी मला तीच गोष्ट दिसते. गाडी मिलिटरीची नसते. रंग मिलिटरीचा असतो.

यात हसण्यासारखं फार नाही. कारण हिरव्या रंगाखाली जे खरवडून टाकलंय, तो आपला स्वतःचा इतिहास आहे. सांगतो कसं ते.

आधी मूळ गोष्ट. १९४० साली युरोपात युद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. मुदत इतकी कमी, की बहुतेक कंपन्यांनी अंगच काढून घेतलं. बँटम नावाच्या एका लहान, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं आणि ४९ दिवसांत पहिली गाडी उभी केली. पण मोठी ऑर्डर बँटमला मिळाली नाही. ती गेली विलीजकडे, कारण त्यांचं ६० अश्वशक्तीचं इंजिन सरस होतं, आणि फोर्डकडे, कारण फोर्डची उत्पादनाची ताकद मोठी होती. या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. आराखडा एकाचा, नाव दुसऱ्याचं. जीपच्या बाबतीत असलं आणि दिसलं यात पहिल्या दिवसापासून अंतर आहे म्हणा ना.

भारतात या गाड्या आल्या त्या ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे. युद्ध संपलं, सैन्य परत गेलं, माल इथेच राहिला. तो 'डिस्पोजल' म्हणून विकला गेला. हा शब्द आजही वापरात आहे. विकणारा माणूस आवाज खाली आणून "डिस्पोजलची आहे" म्हणतो, तो त्याच काळाचा उरलेला तुकडा.

दुसरीकडे, २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सुट्या भागांत आलेल्या विलीजच्या जीपा मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे फाळणीने देशाचं आणि त्याबरोबर कंपनीचंही नाव बदललं, आणि त्याच धामधुमीत आपली जीप जन्माला आली.

आता घोटाळा. १९४८. काश्मीरमध्ये लढाई चालू आहे, सैन्याला जीपा तातडीने हव्यात. लंडनमध्ये आपले उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. त्यांनी एका कंपनीशी करार केला. २,००० जीपा, प्रत्येकी ३०० पौंड. आपल्या पैशांत साधारण ८० लाख रुपये. जीपा नव्या नाहीत, युद्धात वापरलेल्या, दुरुस्त करून द्यायच्या. आणि ज्या कंपनीला हे काम दिलं तिचं भांडवल किती? ६०५ पौंड. म्हणजे जेमतेम दोन जीपांची किंमत.

व्यवहाराची सगळ्यात महत्त्वाची अट असते ती म्हणजे आधी तपासणी, मग पैसे. इथे तपासणीचं प्रमाणपत्र हातात नसताना मोठी रक्कम आधीच देऊन झाली. मद्रास बंदरात शेवटी १५५ जीपा उतरल्या, त्याही चालवण्याच्या लायकीच्या नव्हत्या. मग दुसऱ्या कंपनीशी १,००७ जीपांचा करार झाला. दोन वर्षांत आल्या ४९.

संसदेत गदारोळ झाला. अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने चौकशी पुढे न्यायची सूचना केली. ३० सप्टेंबर १९५५ ला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या दृष्टीने प्रकरण संपल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले आणि १९५७ मध्ये थेट संरक्षणमंत्री झाले. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मेनन यांनी स्वतः पैसे खाल्ले हे कधीच सिद्ध झालं नाही, घाईची गरजही खोटी नव्हती. पण माझ्या दृष्टीने प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा, की देशाने न बघता जुनी गाडी घेतली, फसला, आणि 'असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं' हे लोकांसमोर ठरायच्या आधी फाईल बंद झाली.

आणि इथे नाशिक येतं. १९६२ मध्ये चीनबरोबरच्या युद्धात मानहानी झाली, मेनन यांना जावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं तेव्हा म्हटलं गेलं. यशवंतराव तेव्हा खासदार नव्हते. त्यांना १९६३ मध्ये बिनविरोध लोकसभेत पाठवलं ते आपल्या नाशिकने. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, तो त्याच नात्यातून. म्हणजे ज्या माणसाच्या सहीने त्या जीपा आल्या, त्याच्या जागी बसलेल्या माणसाला दिल्लीत पाठवणारा जिल्हा आपला. शेजारी देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे मिलिटरीच्या गाड्यांचं आकर्षण आमच्याकडे हवेतून आलेलं नाही, ते मी समजू शकतो. १९६५ च्या युद्धात अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. त्या गाडीबद्दल कुणाला ओढ वाटणार नाही?

पण वणीच्या रस्त्यावर, चाळीस-पन्नास वर्षं, जी जीप चालली ती कोणती होती?

ती होती गटविकास अधिकाऱ्याची जीप. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि 'सरकार' नावाची गोष्ट पहिल्यांदा चाकावर बसून पाड्यापर्यंत पोचली. गावात "जीप आली" म्हणजे साहेब आले. प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप, तिच्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. या आरोग्य केंद्रांच्या कित्येक गाड्या युनिसेफने दिलेल्या होत्या. मलेरियावाल्यांची जीप. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर फिरणारी जीप. निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी जीप. सुरगाणा-कळवणच्या बाजूला डांबर नसलेल्या रस्त्यांवर बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाणारी जीपही हीच.

पेट्रोल महाग झालं तशी तिच्या पोटात डिझेल इंजिनं आली. आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं, मग फ्रान्सच्या प्युजोचं. प्युजोच्या परवान्यावरची ही इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात बनायची, म्हणजे पुन्हा नाशिक जिल्हाच. मग आली लांब चेसीची कमांडर. काळी-पिवळी. आत दहा, मागे लटकलेले चार, टपावर दोन, आणि नांदुरीच्या घाटातून गडाकडे. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या खालीच थांबवून एसटीने भाविक वर नेतात, पण एरवी वर्षभर या भागातली माणसं, टोमॅटोचे क्रेट, शाळेतली पोरं आणि लग्नाची वऱ्हाडं कमांडरनेच वाहिली. २०१८ मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. आज सातपूरच्या कारखान्यातून थार बाहेर पडते. तीही त्याच आडनावाची नात.

तर ही आपली जीप. मुलकी, कष्टाळू, बहुतेक वेळा पांढरी, निळी किंवा खाकी. आणि आज तिचं काय होतंय? तिचा पत्रा कापून मागचं हूड काढतात, दारं फेकतात, नऊ फटींची खोटी जाळी बसवतात, बोनेटवर तारा मारतात आणि 'दुसऱ्या महायुद्धातली' म्हणून विकतात. कमांडर कापून आखूड केली की ती जीप झाली!

ओळखायचं कसं, ते साधं आहे. युद्धातली खरी विलीज किंवा फोर्ड डाव्या स्टिअरिंगची असते. समोरच्या जाळीला नऊ फटी, हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत. मागे उघडणारा पाट नाही, स्टेपनी मागच्या पत्र्यावर. नागरी जीपांना सात फटी, मोठे दिवे, मागे खाली पडणारा पाट. फोर्डने तर आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' अक्षर उठवलेलं असे. महिंद्राने परवान्यावर काढलेली सीजे-थ्री-बी उजव्या स्टिअरिंगची, आणि तिचं बोनेट उंच, कारण आतलं इंजिन उंच होतं. आपल्याकडे 'जुनी मिलिटरी जीप' म्हणून येते ती बहुतेक हीच किंवा हिच्या पुढची भावंडं. सैन्यात होती ती जोंगा वेगळी, निसानच्या परवान्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात तीस वर्षं बनलेली. आणि जिप्सी वेगळी.

गाडी खरंच सैन्याची असेल तर तिच्याकडे तसे कागद असतात. सैन्यात असताना गाडीला आरटीओचा नंबर नसतो, वर बाण असलेला लष्करी क्रमांक असतो. लिलावात गेली की विक्रीचं पत्र, गाडी ताब्यात दिल्याचा आदेश निघतो आणि त्यावर आरटीओत पहिली नोंदणी होते. ही साखळी दाखवा म्हटलं की विकणारा चहा मागवतो.

आणि आता सगळ्यात गंमतीची गोष्ट. तो हिरवा रंगच बेकायदेशीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे ज्या रंगासाठी लाखभर रुपये जास्त मोजले, त्याच रंगासाठी गाडी अडवली जाऊ शकते. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत. हरियाणातल्या डबवालीसारख्या बाजारात नवी बॉडी, वेगळी चेसी, तिसरंच इंजिन असं जोडून झकास जीप तयार मिळते. दिसायला सुंदर. पण आरसीवर एक, चेसीवर दुसरं आणि बोनेटखाली तिसरं असेल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार करा.

म्हणून मी सोबत जातो तेव्हा रंगाकडे बघतच नाही. आधी चेसी नंबर. घासलेला, पुन्हा ठोकलेला, वेल्डिंगखाली गेलेला दिसला की तिथूनच परत फिरायचं, कितीही मोह झाला तरी. मग आरसी, आधीच्या आरटीओची एनओसी, कर्जाचा बोजा उतरलाय का, आणि गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हे ऑनलाइन तपासता येतं. मग गाडीखाली आडवं व्हायचं. पाट्यांच्या कड्यांजवळ चेसीला तडा आहे का. मग खिशातलं लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. आमच्या भागातल्या गाडीचा मागचा तळ तर हमखास बघायचा. मोरचुदाच्या आणि गंधकाच्या गोण्या, बोर्डोची पिंपं वाहून वाहून तो आधी जातो. शेवटी चारही चाकांचं गिअर लावून चिखलात चालवायची. आणि हे सगळं झाल्यावरच खिशात हात घालायचा. विकणारा म्हणतो, "टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." १९४८ मध्ये लंडनलाही हेच झालं होतं. घाई आपली, आणि पैसे आधी.

यात फक्त खरेदीदाराचंच चुकतं असं नाही. सरकारी नियमांची रचनाच अशी आहे, की खरी जुनी गाडी सांभाळणाऱ्याला दम लागावा. २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवायची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. २०२१ मध्ये 'व्हिंटेज' गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले, ते चांगलं झालं. गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात, फार फेरफार न केलेली हवी. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोज वापरायची नाही, धंद्याला लावायची नाही.

आता सरकारी गाड्यांचं बघा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या भंगारात जातात. प्रदूषण, सुरक्षितता, हे सगळं मला मान्य आहे. पण हिशेब करा. सरकारी जीप पंधराव्या वर्षी मरते आणि गाडी 'वारसा' ठरते पन्नासाव्या वर्षी. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे काढायची? पंचायत समितीची, आरोग्य केंद्राची जीप कधीच व्हिंटेज होऊ शकत नाही, कारण तोपर्यंत तिचं लोखंड वितळून झालेलं असतं.

म्हणजे एकीकडे खासगी जीपा हिरव्या रंगात बुडवून त्यांचा मुलकी जन्म पुसला जातोय, आणि दुसरीकडे सरकारी जीपा नियमाने चिरडल्या जातायत. आणखी वीस वर्षांनी जुन्या जीपांकडे बघून कुणालाही वाटेल, की या भागात सतत युद्धच चालू होतं. लस घेऊन, दुष्काळाची पाहणी करत, मतपेट्या घेऊन फिरलेल्या एकाही जीपचा पुरावा उरणार नाही.

मला दोन गोष्टी मागायच्या आहेत.

एक, शासनाकडे. प्रत्येक जिल्हा परिषदेने भंगारात काढायच्या गाड्यांपैकी एक, फक्त एक जीप मूळ रंगात, मूळ पाटीसकट आवारात किंवा एखाद्या संग्रहालयात ठेवावी. रस्त्यावर चालवू नका, नोंदणीही नको. त्यासाठी नियमात दोन ओळींची सवलत पुरेल. आणि गाडीबरोबर तिचं लॉगबुक ठेवा. सरकारी गाडीच्या लॉगबुकात तारीख, किलोमीटर, कुठून कुठे आणि कशासाठी हे सगळं लिहिलेलं असतं. एखाद्या दुष्काळी वर्षाचं लॉगबुक हातात आलं, तर सरकार कोणत्या पाड्यावर गेलं आणि कोणत्या पाड्यावर गेलंच नाही, ते भाषणांपेक्षा नीट कळेल. गाडीच्या आधी ही वह्यांची रद्दी विकली जाते, हे खरं दुखणं आहे.

दुसरी, जीप घेणाऱ्या आमच्या तरुण मित्रांकडे. घ्या, जरूर घ्या. घामाच्या पैशाची हौस करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण रंग खरवडताना थोडं थांबा. खालून कधी निळा थर निघतो, कधी खाकी, कधी दारावर पुसट अक्षरं निघतात, 'प्रा. आ. केंद्र' किंवा 'पं. स.'. ती अक्षरं लांबी भरून गुळगुळीत करू नका. आधी फोटो काढा, शक्य असेल तर तोच रंग परत द्या. जुनी गाडी मूळ रूपात आणणं म्हणजे तिला आपल्याला आवडेल ते सोंग देणं नव्हे. ती जे होती ते तिला परत देणं. ती सैन्यातली असेल तर अभिमानाने कागद दाखवा. ती मलेरियावाल्यांची असेल तर त्याचाही अभिमान तेवढाच असू द्या. मलेरियाने या डोंगरांत कमी माणसं नाही मारली.

तुमच्या घरात, गोठ्यामागे, बांधावर अशी जीप उभी असेल, किंवा वडील-आजोबा सरकारी जीपचे ड्रायव्हर होते आणि एखादी वही, एखादा फोटो उरला असेल, तर इथे टाका. भंगारवाल्याच्या काट्यावर जायच्या आधी.